चप्पल चावते, पण पाय बोलत नाही

मंडईतून घरी येताना माझ्या मावशीच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच राहिली. तिला ते कळलंच नाही. वीसेक पावलं ती तशीच, एक पाय अनवाणी टाकत चालत आली. मागून एका मुलानं हाक मारली, "आजी, तुमची चप्पल राहिली!" तेव्हा तिनं खाली पाहिलं. त्याच रात्री तिनं पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं. जुन्या, मऊ झालेल्या सुती चादरीचा नुसता स्पर्शही तिला चटका बसल्यासारखा वाटत होता.

निसटलेली चप्पल ज्या पायाला कळत नाही, त्याच पायाला चादर सहन होत नाही. हे कसं, ते घरात कुणालाच समजेना. त्यात सूज होतीच. सकाळी पायात सहज जाणारी सँडल संध्याकाळी काढताना पायावर पट्ट्यांचे खोल वळ दिसायचे. दोन वर्षांत तिच्यासाठी सात जोड आले. प्रत्येक जोड दुकानात "कापसासारखा मऊ" वाटला आणि आठ-दहा दिवसांत दारातल्या रॅकच्या खालच्या कप्प्यात जाऊन पडला.

त्या सात जोडांत एकच चूक होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. प्रत्येक वेळी चप्पल कशी वाटते, हे आम्ही पायाला विचारत होतो, आणि तो पाय खरं सांगण्याच्या स्थितीतच नव्हता.

कालव्याच्या टेलचं शेत

पायाच्या अंगठ्याला काही लागलं, तर ती बातमी वर नेणाऱ्या मज्जापेशीचं मुख्य अंग पायात नसतं. ते कमरेच्या भागात, पाठीच्या कण्यालगत असतं. तिथून तिचा एकच अखंड तंतू मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत येतो. हा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि जाडीला केसाहून कितीतरी बारीक. त्याला लागणारी बरीचशी सामग्री वर, कण्याजवळच तयार होते आणि तंतूतून वाहत खाली पोचवली जाते.

कालव्यावरची शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी कमी पडलं की पहिलं शेत सुकतं ते टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या उसाला टंचाई जाणवतही नाही. मज्जातंतूंचंही तसंच होतं. शरीरात काही बिघडलं की सगळ्यात लांबचे तंतू आधी खालावतात. म्हणून मुंग्या सुरू होतात त्या पायाच्या बोटांत. मग बधिरपणा तळव्यात येतो, घोट्यापर्यंत चढतो, मोजा घातल्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हातांची बोटंही मुंग्या धरू लागतात, कारण तोवर बिघाड तेवढ्या लांबीच्या तंतूंपर्यंत येऊन ठेपलेला असतो.

बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. पण मधुमेह हे एकमेव कारण नाही. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता हे आपल्याकडे वारंवार सापडणारं कारण आहे, विशेषतः शाकाहारी घरांत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ब-12 कमी होऊ शकतं, त्यामुळे दोन्ही कारणं एकाच माणसात भेटतात. कर्करोगावरची काही औषधं, दारू, मूत्रपिंडाचे आजार, थायरॉइड, कुष्ठरोग अशी यादी पुढेही जाते. पायाची आग होते म्हणून तेल चोळत बसण्याआधी कारण शोधायला हवं. ब-12 ची कमतरता वेळेत सापडली तर भरून काढता येते.

बोलणं ऐकू येत नाही, घंटी वाजत राहते

आता चादरीचं कोडं. पायातून वर जाणारे तंतू एकाच जातीचे नसतात. काही जाड असतात. पाय कुठे टेकला आहे, जमीन हलते का, चप्पल पायात आहे की नाही, या बातम्या ते नेतात. काही फार बारीक असतात. चटका, टोचणं, थंड-गरम ही त्यांची कामं. दोन्ही बिघडतात, पण वेगवेगळ्या रीतीनं.

जाड तंतू बहुधा मुके होतात. चप्पल निसटल्याचं कळत नाही, कापसावरून चालतोय असं वाटतं, डोळे मिटून उभं राहिलं तर तोल जातो. बारीक तंतू मरता मरता ओरडतात. दुखावलेला तंतू कुणीही न हाक मारता आपणहून संदेश पाठवू लागतो. जुन्या टेलिफोनची तार खराब झाली की असं व्हायचं. पलीकडच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण घंटी मात्र अवेळी वाजत राहायची. सतत वाजणाऱ्या या घंटीमुळे मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात, की चादरीसारखा साधा स्पर्शही 'वेदना' म्हणून नोंदवला जातो. रात्री हे वाढतं. दिवसभराची धावपळ थांबते, लक्ष वेधायला दुसरं काही उरत नाही आणि पायाची भगभग सगळं घर व्यापून टाकते.

बधिरपणा आणि वेदना एकाच पायात सुखेनैव नांदतात, ते असं. हे समजून घेणं पायताणाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे, कारण अशा पायाला दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. बधिर भागाला संरक्षण हवं, हळव्या भागाला कमीत कमी घासणं हवं. आणि दुकानातल्या बाकावर बसून पाच मिनिटांत दोन्हींपैकी कशाचाच अंदाज पायाला येत नाही.

उलट पाय फसवतो. नीट बसणारा बूट बधिर पायाला सैल वाटतो, कारण त्याचा स्पर्शच कळत नाही. मग माणूस एक नंबर लहान मागतो. तो घट्ट बूट घातल्यावर कुठे जाणीव होते, 'हां, आता पायात काहीतरी आहे'. ही जाणीव म्हणजेच चावणं असतं. निरोगी पायाला चप्पल चावली की आपण दोन दिवस ती घालत नाही. या पायाला ती चावत राहते आणि पाय बोलत नाही.

सूज येते कुठून

पायाचं रक्त हृदयाकडे परत चढवायला वेगळा पंप नाही. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास खुर्चीत पाय लोंबकळत ठेवले की हा पंप बंद पडतो, पाणी पेशींभोवती झिरपतं आणि साचतं. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचला. खळगा राहिला तर ती पाण्याची सूज.

मज्जातंतूंच्या आजारात यात आणखी भर पडते. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे बारीक तंतूही खालावतात, मग पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. पाय गरम आणि सुजलेला राहतो. घामही याच तंतूंच्या हुकमानं येतो. तो थांबल्यामुळे कातडी कोरडी होते, टाचांना भेगा पडतात.

आणि एक गोष्ट रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. मज्जातंतूंच्या वेदनेवर दिली जाणारी प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन ही औषधं काहींच्या पायांवर सूज आणतात. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणू शकते, मधुमेहाची पायोग्लिटाझोनही. आमच्या मावशीच्या डब्यात यांतल्या दोन गोळ्या होत्या. आपल्या मनानं औषध बंद करू नये, पण सूज कधीपासून आली आणि गोळी कधी सुरू झाली, या दोन तारखा एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. डॉक्टरांनी एक गोळी बदलल्यावर मावशीच्या घोट्याचं हाड पुन्हा दिसू लागलं.

दोन प्रकारची सूज दिसली तर मात्र चपलेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आणि बधिर पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला झाला, पण त्या मानानं दुखत नाही, अशी अवस्था असेल तर आतली हाडं मोडत असू शकतात. फ्रेंच मज्जातज्ज्ञ शार्को यांच्या नावानं तो विकार ओळखला जातो. त्यावर चालत राहिलं तर पायाची कमान कोसळते आणि पाय कायमचा वाकडा होतो. 'दुखत नाही ना, मग बघू सोमवारी' हा विचार इथे घातक ठरतो.

कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकवलेलं शास्त्र

बधिर पायाला काय घालावं, याचं आधुनिक ज्ञान मधुमेहाच्या दवाखान्यात जन्मलं नाही. त्याचा मोठा भाग भारतातल्या कुष्ठरुग्णांच्या पायांवरून शिकला गेला. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं 'झडतात', मांस आपोआप सडतं, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रोजचं जगणं बारकाईनं पाहिलं. तेव्हा दिसलं, की मांस मुळात खराब नाही. मज्जातंतू मेले आहेत, वेदना हरवली आहे, म्हणून माणूस खिळ्यावर पाय ठेवून चालत राहतो, जखमेवरही लंगडत नाही, आणि त्या न लंगडण्यानंच पाय जातो.

ब्रँड यांच्या आयुष्यातला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आगगाडीच्या लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना त्यांना टाचेला काही जाणवेना. त्यांनी टाचेत सुई टोचून पाहिली, दुखलं नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या विचारात त्यांनी ती रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि वेदनेनं ते ओरडले. प्रवासात अवघडून बसल्यामुळे तंतू तात्पुरता दबला होता, एवढंच. त्या सकाळी दुखलं, याचा आनंद ते कधी विसरले नाहीत.

पायाला जखम होते कशी, याची त्यांनी केलेली फोड आजही तितकीच उपयोगी आहे. पहिला प्रकार सरळ आहे. काच, खिळा, काटा. दुसरा प्रकार घट्ट बुटाचा. नखावर बोट दाबून धरलं की नख पांढरं पडतं, म्हणजे तिथलं रक्त हटतं. घट्ट बूट करंगळीच्या बाजूला असाच हलका दाब देतो, पण तो आठ तास देतो. निरोगी माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पाय बुटातून अर्धा काढतो, बोटं हलवतो, आणि हे त्याला ध्यानातही येत नाही. बधिर पाय हलत नाही. रक्ताविना त्या जागेची कातडी मरते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. दाब मध्यम, कातडी फाटण्याइतका नाहीच, पण तोच, त्याच जागी, हजारो वेळा. हाताच्या तळव्यावर एकदा टाळी मारा, काही होत नाही. हजार वेळा मारा, तळवा लाल होऊन सुजेल, आणि तरीही मारत राहिलात तर फुटेल. आपण पाच हजार पावलं चाललो की प्रत्येक चवड्यावर अडीच हजार टाळ्या पडतात. निरोगी माणूस दुखू लागताच नकळत चाल बदलतो, वजन बाहेरच्या कडेवर घेतो. बधिर पाय शेवटपर्यंत त्याच हाडावर पडत राहतो. तिथे आधी घट्टा पडतो. घट्टा पुढे आतल्या मांसाला खड्यासारखा टोचतो आणि एक दिवस त्याच्या खाली जखम सापडते.

यावर उपाय म्हणून दक्षिण भारतातल्या कुष्ठरोग केंद्रांमध्ये बारीक बुडबुड्यांचं रबर वापरून पायताणं घडवली गेली. त्याला एमसीआर म्हणतात, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. कुष्ठरुग्णांना सरकारी योजनेतून मिळतात त्या याच एमसीआर चपला. या चपलेनं असंख्य पाय वाचवले, आणि तिच्याच ठरावीक रूपामुळे ती घालणाऱ्याकडे गावाने संशयानं पाहिलं, हेही खरं. आज मधुमेहाचे रुग्ण 'डायबेटिक फुटवेअर' म्हणून तेच रबर पैसे मोजून घालतात. ज्यांच्या पायांनी हे शिकवलं, त्यांची आठवण त्या खोक्यावर कुठे छापलेली नसते. ती असायला हवी.

नंबर वाढवून रुंदी मिळत नाही

सुजलेल्या पायासाठी घरोघरी होणारी चूक म्हणजे 'एक नंबर मोठा घ्या'. सूज पायाची लांबी फारशी वाढवत नाही. ती पायाला वरून फुगवते आणि भोवतालून जाड करते. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरात एक अंक वाढला की बुटाची लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते. रुंदी त्या मानानं थोडीच वाढते. म्हणजे जिथे जागा नको तिथे जागा मिळते, आणि हवी तिथे बूट आवळतच राहतो. शिवाय बूट जिथे वाकायला बनवलेला असतो, ती जागा आणि पायाचा चवडा यांची गाठ चुकते. पाय आत पुढेमागे सरकतो, टाच घासते. चादर सहन न होणाऱ्या पायाला सर्वांत नकोसं असतं ते हे सरकणं. हलका, हलता स्पर्श त्याला खवळवतो. सगळीकडून सारखा, स्थिर टेकलेला स्पर्श बऱ्याच जणांना सोसतो.

म्हणून मागायची ती रुंदी आणि खोली. खोलीचं कारण आणखी एक आहे. पायातले छोटे स्नायू चालवणारे तंतूही दुबळे होतात, तेव्हा बोटं पक्ष्याच्या नखीसारखी वाकतात. सांधे वर उचलले जातात आणि बुटाच्या छताला घासतात. टोकं खाली टेकतात. चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडं उघडी पडतात. चपट्या, निमुळत्या बुटात असा पाय कितीही मोठ्या नंबरात मावणार नाही.

भारतीय पाय मुळातच बोटांपाशी रुंद असतात, हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मापं घेऊन दाखवलं आहे. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतही सुचवली गेली. दुकानातल्या साच्यांत आपला पाय बसत नाही, यात पायाचा दोष नाही.

घरच्या घरी करायची एक परीक्षा मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी, सूज पूर्ण चढलेली असताना, जमिनीवर जाडसर कागद ठेवून दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहायचं. दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल उभी धरून पायाची आकृती काढायची. बसून काढू नये. वजन पडलं की पाय पसरतो. दोन्ही पायांच्या आकृत्या कापून दुकानात न्यायच्या आणि बुटात घालून पाहायच्या. कडा कुठेही वर वळली, तर तिथे बूट पायाला आवळणार. पाय बोलका असो वा मुका, कागद खरं सांगतो.

मऊ म्हणजे किती मऊ

दाब म्हणजे वजन भागिले जागा. समजा साठ किलोची बाई एका पायावर उभी आहे आणि तिचा तळवा शंभर चौरस सेंटिमीटर टेकला आहे. दर चौरस सेंटिमीटरवर सहाशे ग्रॅम आले. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते आणि तेच वजन चाळीस चौरस सेंटिमीटरच्या चवड्यावर येतं. आता दीड किलो. त्यातही एक-दोन हाडं उघडी पडली असतील, तर बहुतेक भार तेवढ्याच टिचभर जागेवर. चांगला सुकतळा, म्हणजे बुटाच्या आतली गादी, वजन कमी करत नाही. ती पायाच्या आकाराला भिडून जागा वाढवते.

इथे अति मऊ फोम दगा देतो. नव्या गादीवर पहिल्या रात्री झोप छान लागते, पण कापूस सरकून खड्डा पडला की पाठ थेट फळीला लागते. दुकानात बोटानं दाबल्यावर खोल जाणारा फोम पायाखाली तसाच चेपून जातो आणि हाड खालच्या कडक तळाला भिडतं. आमचे सातही जोड याच जातीचे होते. एमसीआर दाबल्यावर दबतं आणि सोडल्यावर लगेच उभं राहतं. रबराचा कडकपणा मोजण्याच्या शोर मापावर ते साधारण पंधराच्या आसपास असतं. आत असं रबर आणि बाहेर खिळा-काच न शिरेल असा टणक तळ, ही जोडी हवी. काही महिन्यांनी सुकतळा काढून पाहावा. चवड्याच्या जागी कायमचा खळगा पडला असेल, तर वरचा बूट नवा दिसला तरी आतली गादी संपलेली आहे.

तळ कुठे वाकतो, हेही हातानं पाहावं. बूट टोकाला आणि टाचेला धरून दुमडा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध नाही. चवड्याखाली जुना घट्टा किंवा भरून आलेली जखम असेल, तर डॉक्टर मुळीच न वाकणारा आणि पुढून वर उचललेला तळ सुचवतात. डोलखुर्चीच्या खालच्या वाकड्या पट्ट्यांसारखा तो पायाला पुढे झुलवतो, त्यामुळे चवडा दुमडावा लागत नाही. ज्यांचा तोल जातो, त्यांनी मात्र असा तळ आधार धरून, कुणी सोबत असताना वापरून पाहावा.

अंगठा, पट्टा, टाच

कोल्हापुरी वहाणेबद्दल मला आदर आहे. उन्हाळ्यात निरोगी पायाला तिच्यासारखं मोकळं पायताण नाही. पण या आजारात ती नको. अंगठा अडकवायची कडी बोटाच्या बेचक्यात घासते, तळ कडक असतो, मागे टाच उघडी असते. रबरी स्लिपरचंही तेच. ती पायात टिकवण्यासाठी बोटं सतत आवळून धरावी लागतात. ज्या बोटांत तो जोर नाही, त्यांच्या पायातून ती मंडईच्या रस्त्यावर निसटते.

पाठीमागे पट्टा असलेली सँडल किंवा पुढून बंद बूट बरा. पट्टे चिकटपट्टीचे असावेत, पुढे एक आणि घोट्याजवळ एक. म्हणजे सकाळी घट्ट, दुपारी थोडे सैल, संध्याकाळी आणखी सैल असे पायाच्या सुजेप्रमाणे बदलता येतात. नाडीचा बूट असेल तर नाडी गुणिलेच्या चिन्हासारखी न ओवता आडव्या रेषांत ओवावी. जिथे पाय फुगलेला आणि हळवा आहे, तिथली एक जोडी भोकं सोडून द्यावी. नवं काही मिळत नसेल, तर एखादा कुशल गटई कारागीर साध्या सँडलला मागचा पट्टा आणि पट्ट्यांना आतून मऊ अस्तर लावून देतो. आमच्या कारागिरानं ते तासाभरात केलं, तेही चुका न बसवता, चिकटवून आणि शिवून. खिळे नकोत, हे त्याला आवर्जून सांगावं.

चौकट : दुकानात जाण्याआधी आणि दुकानात

संध्याकाळी जा. रोजचे मोजे घाला, डॉक्टरांनी दिलेला सुकतळा असेल तर सोबत न्या, पायाच्या कागदी आकृत्या विसरू नका.

उभं राहून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. लांब बोट अंगठाच असेल असं नाही. मोठ्या पायाच्या मापानं जोड घ्या.

बुटात हात घालून चहूबाजूंनी बोटं फिरवा. बोटाला लागणारी शिवण पायालाही लागेल.

टाचेची भिंत दाबून पाहा, ती चेपता कामा नये. टाचेची उंची अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

'वापरून सैल होईल' असं विक्रेता म्हणाला तर तो जोड ठेवून या.

उंबऱ्याच्या आत

आपल्याकडे चपला दारात राहतात. बधिर पायाच्या बऱ्याच जखमा मात्र घरातच होतात. पलंगाच्या पायाला ठेचकाळणं, फरशीवर पडलेली टाचणी, स्वयंपाकघरात सांडलेला चहा. म्हणून घरात वापरायला वेगळा, स्वच्छ, मागे पट्टा असलेला जोड असावा. तो उंबऱ्याबाहेर कधीच न्यायचा नाही, हे एकदा ठरलं की देवघरापुढची कुरकुरही थांबते. देवळात जायचं असेल तर भर दुपारी जाऊ नये. उन्हानं तापलेल्या फरशीवर बधिर तळवे भाजतात आणि घरी आल्यावर फोड दिसतात. आग होते म्हणून पाय गरम पाण्यात सोडणंही तसंच धोक्याचं. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, कोपरानं पाहावं.

मोजे उलटे घातले तर शिवण बाहेर राहते. रंग फिका असावा, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग दिसतो. सूज उतरवणारे घट्ट मोजे मात्र आपल्या मनानं आणू नयेत. पायाच्या रोहिण्यांमधला रक्तपुरवठा कमी असेल, तर ते उरलासुरला पुरवठाही अडवतात. डॉक्टर हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करून ते चालतील का, हे सांगतात. त्याच भेटीत नायलॉनच्या एका धाग्यानं तळव्याची तपासणी करून घ्यावी. तो धागा टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तो दाब जिथे कळला नाही, तिथे पायाचं स्वसंरक्षण संपलं आहे. दोन मिनिटांची ही तपासणी आहे आणि ती मागून घ्यायला संकोच करू नये.

नवा जोड पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन तास, असा वाढवत न्यायचा. काढल्यावर पाय उजेडात धरून पाहायचा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा. लाल डाग अर्ध्या तासात मावळला तर ठीक, नाही मावळला तर तो जोड पुन्हा घालायचा नाही, कितीही महाग असला तरी.

मावशीकडे आता दोनच जोड आहेत, एक घरातला, एक बाहेरचा. पायाच्या कागदी आकृत्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत असतात. दर सहा महिन्यांनी आम्ही नव्या काढतो, कारण सूज बदलते. रात्रीची आग पूर्ण गेलेली नाही, पण डाव्या करंगळीवरचा घट्टा गेला आहे. चप्पल घालण्याआधी आणि काढल्यावर ती आत हात फिरवते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी असाच हात फिरवताना तिच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. हरभऱ्याचा दाणा होता. कोण जाणे कधीपासून तो तिच्या चवड्याखालीच होता.